मुलीच्या ११० सीसी क्वाडचे शॉक फार कडक आहेत, मऊ कसे करावेत?

माळरान · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमची शेती जत भागात आहे. सगळा मुरमाड माळ, मधे मधे दगडी बांध. मुलगी आठ वर्षांची, वजन २४ किलो. तिच्यासाठी दिवाळीत जुनी ११० सीसी ऑटोमॅटिक क्वाड (चार फुगीर चाकांची छोटी गाडी) घेतली. चिनी बनावटीची आहे, कंपनीचं स्टिकर कधीच निघून गेलंय. गाडी फक्त आमच्या रानात चालते. हेल्मेट, चेस्ट गार्ड, हातमोजे, गुडघ्याचे पॅड आधी घेतले, गाडी नंतर.

अडचण पुढच्या दोन शॉकची आहे. मुलगी बसली तर ते केसभरही दबत नाहीत. मी (७८ किलो) पुढच्या बंपरवर सगळा भार टाकला की थोडे खाली जातात आणि तिथेच अडकल्यासारखे राहतात. वखरलेल्या रानातून एक फेरी झाली की ती म्हणते, "बाबा, हात बधिर झाले." एकदा बांधाच्या कडेला चाक उडालं आणि हँडल तिच्या हातून सुटता सुटता राहिलं. मागे एकच शॉक आहे, तो त्यामानाने बरा आहे.

गावातला मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंगची दोन वेटोळी कापून देतो. दुसरा म्हणतो, स्कूटरचे शॉक बसवा. काही कापण्याआधी इथे विचारतोय.

पश्चिमवारा · रविवार, रात्री १०.०५

वेटोळी कापणं सगळ्यात स्वस्त. जुन्या जीपला आम्ही असंच केलं होतं. गॅसने तापवून स्प्रिंग खाली बसवून आखूडही करतात काही जण.

लेथमास्तर · रविवार, रात्री १०.५०

माळरान, कापू नका आणि तापवू तर अजिबात नका. टूलरूममध्ये आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि चालत्या वेटोळ्यांची संख्या. जितकी वेटोळी जास्त तितकी स्प्रिंग मऊ. बारा चालती वेटोळी असताना दोन कापली तर उरलेली दहा वेटोळ्यांची स्प्रिंग २० टक्के जास्त कडक होते. मग कापल्यावर गाडी मऊ का वाटते? कारण स्प्रिंग आखूड झाल्याने तिच्यावरचा सुरुवातीचा दाब, म्हणजे प्रीलोड, निघून जातो. गाडी खाली बसते, पहिला इंचभर मऊ लागतो आणि पुढे आधीपेक्षा जोरात आपटते. शिवाय टोकाचं बंद, घासून सपाट केलेलं वेटोळं जातं, तुटकं टोक वाटीत नीट बसत नाही. चाक हवेत गेलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते. आठ वर्षांच्या मुलीच्या गाडीत हे नको.

तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं. आज बसवलेली उंची महिन्याभराने राहत नाही आणि दोन्ही बाजू सारख्या बसतील याचीही खात्री नसते.

स्कूटरच्या शॉकचं म्हणाल तर त्याची स्प्रिंग शंभर किलोच्या गाडीवर दोन मोठी माणसं बसतील या हिशेबाने केलेली असते. ती तुमच्या आत्ताच्या स्प्रिंगपेक्षा कडकच निघेल. लांबी आणि दांड्याची चालही जुळणार नाही.

आधी तीन गोष्टी कळवा. टायरमध्ये हवा किती? शॉकला प्रीलोडची खाचांची रिंग आहे का, आणि ती कुठल्या खाचेवर आहे? शॉकमध्ये तेल आहे की नुसती स्प्रिंग आणि दांडा?

चिखलचाक · सोमवार, सकाळी ७.१५

लेथमास्तरांना +१. मी पुण्याजवळ मुलांना डर्ट बाईक शिकवतो. "गाडी कडक आहे" म्हणून पालक येतात तेव्हा मी शॉककडे नंतर बघतो, आधी टायर.

क्वाडचे फुगीर टायर म्हणजे अर्धं सस्पेन्शन. लहान क्वाडला साधारण २ ते ५ पीएसआय हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बाजूवर किंवा गाडीच्या स्टिकरवर असतो. पंक्चरच्या दुकानात स्कूटरच्या सवयीने २५-३० मारून देतात. तिथल्या मीटरवर ४ आणि ८ मधला फरक दिसतच नाही. ० ते १० पीएसआयचा कमी दाबाचा गेज वेगळा मिळतो, तो घ्या आणि पायपंपाने भरा. टायरवर ३६ पीएसआयसारखा मोठा आकडा दिसला तर तो बहुधा टायर रिमवर बसवतानाचा कमाल दाब असतो, चालवण्याचा नव्हे. दोन्ही आकडे नीट वाचा.

कोकणी_जांभा · सोमवार, सकाळी ८.३०

आमच्याकडे जांभ्याच्या वाटेवर ३ पीएसआयने फार फरक पडला. फक्त त्याखाली जाऊ नका. वळणावर टायर रिमवरून उतरतो आणि दगडाची धार थेट रिमला बसते.

माळरान · सोमवार, रात्री ९.००

गेज सांगलीहून मागवलाय, पण शेजाऱ्याकडच्या गेजवर बघितलं. पुढच्या दोन्ही टायरमध्ये २० च्या वर हवा होती, मागे १८. टायर १४५/७०-६ आहेत, बाजूवर ५ पीएसआय लिहिलंय. चारही चाकं ४ वर आणली.

मागची बाजू लगेच बदलली. पुढचे बारीक हादरे, ते सतत खडखडणं, बरंच गेलं. पण मोठ्या खळग्यात आणि ढेकळांवर अजूनही तसाच दणका बसतो.

शॉकला रिंग आहे, पाच खाचांची. दोन्हीकडे आधीच सगळ्यात मऊ खाचेवर आहे. शॉकमध्ये तेल असावं, कारण दांड्याला थोडं तेलकट लागतं.

आणि आमच्याकडे बाभळी फार. हवा कमी ठेवली की काटे जास्त शिरतील का?

कोकणी_जांभा · सोमवार, रात्री ९.२५

काटा कमी हवेतही शिरतो, जास्त हवेतही. ट्यूबलेस असेल तर टायरमध्ये पंक्चर सीलंट घालून ठेवा आणि प्लगचा संच घरी ठेवा.

चिखलचाक · सोमवार, रात्री १०.१०

दांडा तेलकट म्हणजे सील गळतंय. ते पुढे बघू. "खाली जाऊन तिथेच अडकतात" हे तुमचं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. मोकळी स्प्रिंग अडकत नाही, वर येते. कुठेतरी सांधा धरतोय.

गाडीचं पुढचं तोंड जॅकवर घ्या, चाक काढा, शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि नुसता ए-आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा आडवा दांडा) हाताने वरखाली करा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. तुम्ही ठेवाल तिथे अधांतरी थांबला तर दोष स्प्रिंगमध्ये नाही, बुशमध्ये, म्हणजे आर्मच्या बिजागरीतल्या अस्तरात आहे. दोन्ही बाजू बघा. मग शॉकचा वरचा बोल्ट थोडा सैल करून शॉकही मोकळा झुलतो का ते बघा.

अस्थिका · सोमवार, रात्री ११.००

मी लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर आहे. गाडीतलं मला कळत नाही, पण धागा वाचून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

हात बधिर होणं म्हणजे ती हँडल घट्ट आवळून, कोपर ताठ ठेवून बसते आहे. कोपर थोडी वाकलेली असावीत आणि खळगा आला की सीटवरून किंचित उठून भार पायांवर घ्यावा, हे तिला शिकवा. हेल्मेट तिच्याच मापाचं हवं. मोठ्या माणसाचं हेल्मेट प्रत्येक दणक्याला तिच्या मानेवर ओढतं.

दुसरी गोष्ट कडवट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सची शिफारस अशी आहे की १६ वर्षांखालच्या मुलांनी क्वाड चालवूच नये. माझ्याकडे मुलं येतात ती बहुतेक गाडी उलटून अंगावर आलेली असतात. तुम्ही काळजीपूर्वक करताय हे दिसतंय, म्हणून इतकंच म्हणते: गाडी मऊ झाली की तिचा वेग वाढेल. आजपर्यंत हादरे तिला आपोआप थांबवत होते.

वाळवंटातला · मंगळवार, पहाटे ४.३० (इकडे सोमवार दुपार)

ॲरिझोनाहून. अस्थिकाताईंचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर आहे. इकडे मुलांच्या क्वाडचे वयानुसार गट आहेत. ६ वर्षांपुढच्या गटातल्या गाडीचा कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किमी, आणि लिमिटर लावून १० मैल. १० वर्षांपुढच्या गटात ३० मैल, लिमिटरने १५. पोलारिसची आउटलॉ ७० सहा वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि आउटलॉ ११० दहा वर्षांपुढच्यांसाठी. म्हणजे माळरान, तुमच्या मुलीकडे आहे ती गाडी तिच्यापेक्षा एका गटाने मोठी आहे.

म्हणूनच ती कडकही आहे. स्प्रिंग निवडताना बनवणाऱ्याने दहा-बारा वर्षांचं ४०-४५ किलोचं मूल डोळ्यासमोर धरलं असणार. कधी मोठा माणूसही बसेल, तेव्हा शॉक तळाला आपटू नये, म्हणून वर आणखी थोडी भर. २४ किलोचं पोर त्या हिशेबात नाही.

थ्रॉटलच्या अंगठ्याच्या खटक्याजवळ एक स्क्रू असेल, लॉकनटसह. तो आत फिरवला की थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. सस्पेन्शनला हात लावण्याआधी तो तपासा.

माळरान · मंगळवार, रात्री ९.३०

डॉक्टर, वाळवंटातले, दोघांचंही म्हणणं मनावर घेतलं. स्क्रू अर्ध्यावर होता, आणखी आत घेतला. मी सायकलवर बरोबर राहू शकतो इतकाच वेग आता ठेवलाय. मागे ओढदोरीचा किल स्विच आहे, दोरी ओढली की इंजिन बंद. ती दोरी धरून कोणीतरी मागे चालल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, हे घरात ठरलं.

चिखलचाक, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. डावा ए-आर्म आडवा ठेवला तर आडवाच राहिला. उजवा जोर लावल्यावर कुरकुरत खाली आला. बोल्ट काढले तेव्हा आत ग्रीसचा पत्ता नाही, नुसता लाल गंज. प्लास्टिकचे बुश आहेत, त्यांच्या आत लोखंडी नळी. ग्रीस निपल नाहीत. ग्रीस भरून पुन्हा कसलं तर बोल्ट घट्ट होताच आर्म परत अडकतो. सैल ठेवला तर मोकळा हलतो. सैल ठेवून चालेल का?

लेथमास्तर · मंगळवार, रात्री १०.२०

सैल मुळीच ठेवू नका. बोल्ट घट्टच हवा.

त्या जागी काय होतं ते बघा. बोल्टने चिमटीत पकडायची असते ती आतली लोखंडी नळी. नळी चेसिसच्या दोन कानांमध्ये घट्ट बसते आणि बुश तिच्याभोवती फिरतो. नळी बुशपेक्षा किंचित लांब असली पाहिजे. तुमच्याकडे बुश नळीपेक्षा लांब आहे, त्यामुळे बोल्ट कसला की कान बुशवरच दाबले जातात आणि आर्म जाम होतो. स्वस्त गाड्यांत हे मी वारंवार बघितलंय.

व्हर्निअरने दोन्ही लांब्या मोजा. बुशचं तोंड सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासत न्या, नळी बुशपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी लांब राहील इतकं. एकदम जास्त घासू नका, आर्म पुढेमागे खेळायला लागेल. नळीचा गंज पॉलिश पेपरने काढा, जलरोधक ग्रीस लावा. आर्मच्या नळीत भोक पाडून निपल बसवण्याचा मोह होईल, पण तिथलं पोलाद पातळ असतं. त्यापेक्षा दर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस करा.

कोकणी_जांभा · मंगळवार, रात्री १०.४५

पावसाळ्यात वापरलीत तर नंतर प्रेशर वॉशरने सांधे धुऊ नका. पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं. बादली आणि ब्रश बरा.

रेवा_प · बुधवार, दुपारी २.१५

हा धागा फार उपयोगाचा आहे. जरा बाजूचा प्रश्न. माझ्या सहा वर्षांच्या मुलाकडे यामाहा पीडब्ल्यू५० ही मुलांची छोटी मोटरसायकल आहे, भावाने परदेशातून आणलेली. तीही कडक वाटते. तिच्या फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं) तेल पातळ केलं तर मऊ होईल का?

चिखलचाक · बुधवार, दुपारी ३.००

रेवाताई, पीडब्ल्यू५० च्या फोर्कमध्ये बदलण्यासारखं तेल नसतंच, आत स्प्रिंग आणि ग्रीस असतं. पुढची चाल ६० मिमी, मागची ५० मिमी. इतक्या कमी चालीत फार मऊ करायला वाव नाही, केली तर लगेच तळाला आपटेल. जुनं ग्रीस काळं आणि घट्ट झालेलं असतं. फोर्क उघडून साफ करा, ताजं हलकं ग्रीस भरा आणि पुढच्या चाकाचा ॲक्सल कसण्याआधी फोर्क दोन-चारदा दाबून घ्या, म्हणजे दोन्ही नळ्या एका रेषेत बसतात. नळ्या तिरक्या पकडल्या गेल्या तरी फोर्क कडक लागतो.

सर्वांसाठी सांगतो, तेलाचा दाटपणा बदलल्याने शॉक किती वेगाने हलतो ते बदलतं. वजनाखाली किती दबतो ते स्प्रिंग ठरवते. मूल नुसतं बसल्यावर गाडी खाली येत नसेल तर तेल बदलून काही होणार नाही.

माळरान · शुक्रवार, रात्री ८.५०

बुश घासले, नळ्या साफ केल्या, ग्रीस केलं. बोल्ट पूर्ण घट्ट असूनही आर्म आता आपोआप खाली पडतो. शॉक लावल्यावर मी बंपरवर भार दिला तर गाडी दबते आणि परत वर येते. आधी येत नव्हती.

पण मुलगी बसली तर अजूनही शून्य. मडगार्डच्या कडेपासून ॲक्सलपर्यंत मोजलं. चाक हवेत असताना, गाडी जमिनीवर असताना आणि ती हेल्मेटसकट बसल्यावर, तिन्ही मापं सारखीच.

लेथमास्तर · शुक्रवार, रात्री १०.००

आता खरा स्प्रिंगचा प्रश्न उरला. स्प्रिंगचं काम आधी केलं असतं तर जाम झालेल्या आर्मची मापं घेऊन चुकीची स्प्रिंग वळवून घेतली असती.

मापं हवीत. पुढच्या प्रत्येक चाकाखाली वजनकाटा ठेवा, बाकीच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या, मुलगी नेहमीसारखी बसलेली. स्प्रिंग शॉकवरून उतरवा. स्प्रिंग दाबून धरणारा क्लॅम्प वापरा, डोळ्यांवर गॉगल हवा, तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको. मग स्प्रिंग काट्यावर उभी करून ड्रिल मशीनच्या दांड्याने बरोबर २५ मिमी दाबा आणि काटा किती किलो दाखवतो ते लिहा. मोकळी लांबी, गाडीवरची लांबी, तारेची जाडी, चालती वेटोळी, आणि आर्मच्या बिजागरीपासून शॉकपर्यंत व चाकाच्या मध्यापर्यंतची अंतरं.

माळरान · रविवार, संध्याकाळी ६.३०

शेजारच्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन होतं. मापं:

काट्यावर प्रत्येक चाकाला २३ किलो. २५ मिमी दाबल्यावर ४२ किलो. मोकळी लांबी १६८ मिमी, सगळ्यात मऊ खाचेवर १४८ मिमी. तार ६.५ मिमी, मधला व्यास ४५ मिमी, चालती वेटोळी साडेअकरा. आर्म ३०० मिमी, शॉक १९० मिमीवर, थोडा तिरका. शॉकचा दांडा ४५ मिमी आत जातो.

लेथमास्तर · रविवार, रात्री ९.१५

छान मोजलंत. आता हिशेब मांडतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला आपली मापं घालून करता येईल.

४२ भागिले २५, म्हणजे स्प्रिंग दर मिमीला सुमारे १.७ किलो. मऊ खाचेवरही ती २० मिमी दाबलेली आहे, म्हणजे हलायला सुरुवात होण्याआधीच ३४ किलोचा ताण. आर्मच्या बिजागरीपासून शॉकपर्यंतचं अंतर भागिले चाकापर्यंतचं अंतर, हे आर्मचं गुणोत्तर; शॉकचा झुकाव धरून तुमचं ०.६ येतं. म्हणून चाकापाशी तो ताण ३४ गुणिले ०.६, सुमारे २० किलो.

काट्यावरच्या २३ मधून चाक, टायर आणि हब यांचे साधारण ६ किलो वजा करा, कारण ते स्प्रिंगवर नसतात. उरले १७. म्हणजे स्प्रिंगवर १७ किलो आहेत आणि ती २० किलोंशिवाय हलायलाच तयार नाही. म्हणून तुमची तिन्ही मापं सारखी आली. बारीक खळग्यांसाठी त्या गाडीला पुढे सस्पेन्शनच नव्हतं, होते ते फक्त टायर, आणि त्यांतही २० पीएसआय.

चाकाची चाल ४५ भागिले ०.६, म्हणजे ७५ मिमी. मूल बसल्यावर त्यातली सुमारे ३० टक्के, म्हणजे २२ ते २५ मिमी वापरली जावी. मग खळग्यात चाक खालीही जाऊ शकतं आणि दगडावर वरही.

तारेची जाडी चौथ्या घाताने चालते. ६.५ च्या जागी ६ मिमीची तार, बाकी मापं तीच, की स्प्रिंग २७ टक्के मऊ होते: दर मिमीला सुमारे १.२२ किलो. मोकळी लांबी १५६ मिमी ठेवा, म्हणजे मऊ खाचेवर प्रीलोड ८ मिमीच राहील. चाकापाशी सुरुवातीचा ताण ६ किलोच्या आसपास. चाकापाशीचा कडकपणा काढताना गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा, ०.३६ गुणिले १.२२, म्हणजे ०.४४. (१७ − ६) भागिले ०.४४ केलं की २५ मिमी. हेच हवं होतं.

तळाला आपटेल का? पूर्ण दबायला चाकापाशी ३९ किलो लागतील, बसल्या भाराच्या सव्वादोन पट. तिच्या वेगाला पुरेल. उड्या मारायला पुरणार नाही, आणि आठव्या वर्षी उड्या नकोतच. दांड्यावरचा रबरी स्टॉपर जागेवर आहे ना ते बघा. वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी शॉकची चाल संपते का हेही तपासलं: टोकाची धरून साडेतेरा वेटोळी गुणिले ६ म्हणजे ८१ मिमी, पूर्ण दबल्यावर लांबी १०३. भरपूर जागा आहे.

भोसरी, कोल्हापूर, सांगली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत स्प्रिंग वळणारे असतात. आयएस ४४५४ या भारतीय मानकाची स्प्रिंग तार मागा, टोकं बंद आणि घासलेली, वळल्यावर भट्टीतून ताण काढलेली. घेण्याआधी त्यांच्याकडूनच स्प्रिंग दोन-तीनदा पूर्ण दाबून घ्या आणि मग मोकळी लांबी पुन्हा मोजा.

पश्चिमवारा · रविवार, रात्री ९.४०

नवीन स्प्रिंगऐवजी शॉकचं खालचं कान आर्मवर आतल्या बाजूला सरकवून वेल्डिंग केलं तर? गुणोत्तर ०.५ होईल, तीच स्प्रिंग मऊ लागेल.

लेथमास्तर · रविवार, रात्री १०.०५

गणित बरोबर आहे, ०.२५ भागिले ०.३६ म्हणजे तीस टक्के मऊ. पण चाकाची चाल ७५ ची ९० मिमी होईल. तेवढी बॉल जॉइंट आणि टाय रॉडला झेपते का ते बघावं लागेल, आणि टायर मडगार्डला लागेल. शिवाय आर्मची नळी पातळ आहे. मधोमध वेल्डिंगच्या उष्णतेने ती कमजोर होते आणि वाकण्याचा जोर नेमका तिथेच येतो. मी लहान मुलाच्या गाडीला हे करणार नाही. स्प्रिंग पटली नाही तर परत बदलता येते.

चिखलचाक · सोमवार, सकाळी ७.००

सील गळतंय त्याचं विसरू नका. जुन्या शॉकवर नवी मऊ स्प्रिंग घातली आणि आत तेल नसेल तर गाडी उसळत राहील. सलग दोन-तीन उंचवटे आले की प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते आणि मूल सीटवरून फेकलं जातं. कडक गाडीपेक्षा हे वाईट. स्प्रिंग काढलेली असताना दांडा हाताने आत ढकला आणि बाहेर ओढा. दोन्हीकडे चालभर एकसारखा विरोध लागला पाहिजे, बाहेर ओढताना जास्त. मधेच भस्सकन मोकळा सुटला तर शॉक गेला.

माळरान · सोमवार, दुपारी १.२०

उजवा एकसारखा ओढतो. डावा मधल्या इंचभरात मोकळा सुटतो, तेलकटही तोच होता. सीलबंद आहेत, उघडता येत नाहीत. जोडीच बदलतो.

चिखलचाक · सोमवार, दुपारी २.००

जोडीच बदला. डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी, बोल्टचा व्यास, दांड्याची चाल आणि वाटीचा व्यास, ही चार मापं जुळवा. "११० सीसी क्वाडचा शॉक" एवढंच सांगून मागवू नका. नव्या शॉकबरोबर त्याचीही कडक स्प्रिंग येईल, ती काढून तुमची घाला.

वाळवंटातला · मंगळवार, सकाळी ८.१०

पुढची बाजू खाली आली की टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतो. मुलगी बसलेली असताना पुढच्या चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. मॅन्युअल नसेल तर समांतर किंवा पुढे दोन-चार मिमी कमी ठेवा. पुढे अंतर जास्त राहिलं तर गाडी सरळ चालत नाही, सतत इकडेतिकडे जाते. ब्रेकची वायर किंवा होज पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण लोंबल्यावर ताणली जात नाही ना तेही बघा.

अस्थिका · मंगळवार, दुपारी १.००

आणि मऊ झाल्यावर वळणात गाडी बाहेरच्या बाजूला जास्त झुकेल. पहिल्या दिवशी सपाट जागेवर, हळू, मोठे आठ काढायला लावा. उतारावर आडवं जाऊ देऊ नका.

माळरान · पुढचा रविवार, रात्री ९.१०

स्प्रिंगा कोल्हापुरात वळून घेतल्या, नवे शॉक बसवले. मऊ खाचेवर ती बसल्यावर डावीकडे २४ मिमी, उजवीकडे २६ मिमी. टो पुढे ९ मिमीने उघडा झाला होता, टाय रॉड फिरवून दोन मिमी आत घेतला.

दोन दिवस सपाट खळ्यावर आठ काढले, आज वखरलेल्या रानातून नेली. पुढचं चाक खळग्यात उतरतं आणि वर येतं, हँडल हातात स्थिर राहतं. उतरल्यावर मी हाताचं विचारलं तर बोटं उघडून दाखवली आणि परत जायचं म्हणाली. आई दोरी धरून मागे होतीच.

मागच्या शॉकची रिंग दोन खाचा सैल केली, मागे आता १८ मिमी दबतं. तिथे आणखी काही करू का?

लेथमास्तर · पुढचा रविवार, रात्री ९.५०

मागे तेवढंच राहू द्या. मात्र मागची बाजू खाली आली म्हणजे चेनचा ताण बदलला. पुढचं चेनचक्र, स्विंगआर्मची बिजागरी आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. एखाद्या मोठ्या माणसाला बसवून गाडी त्या रेषेपर्यंत दाबा आणि तिथे चेन थोडी ढिली राहते का ते बघा. तिथे ताठ झाली तर बेअरिंग जाईल नाहीतर चेन तुटेल.

रेवा_प · पुढचा रविवार, रात्री १०.३०

मुलीचं वजन वाढेल तेव्हा काय? परत स्प्रिंग?

लेथमास्तर · पुढचा रविवार, रात्री १०.४५

आधी रिंग. एकेक खाच वर घेत २५ मिमीचं माप परत आणायचं. रिंगने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची परत मिळते. म्हणून मोठ्या खळग्यात स्टॉपर वारंवार आपटायला लागला की रिंग पुरेशी नाही असं समजायचं. तिच्या चाळीस किलोंच्या आसपास जुनी ६.५ मिमीची जोडी कामाला येईल, तेव्हा तिची मोकळी लांबी आणि प्रीलोड पुन्हा मोजून घ्या. माळरान, त्या स्प्रिंगा टाकू नका. तेल लावून, कागदात गुंडाळून, वर मापं लिहून ठेवा.

माळरान · पुढचा रविवार, रात्री ११.००

ठेवल्यात. चेन उद्या सकाळी बघतो, रेषेत ताठ होत असेल तर ॲक्सल पुढे घेईन आणि मोजमाप इथे टाकेन.